श्रेयस म्हणजे ‘बेटर’, प्रेयसी म्हणजे ‘डिअरर’

संध्याकाळच्या शिकवणीला एका मुलाच्या वहीत वाक्य होतं, ‘माय ब्रदर इज मोअर टॉलर दॅन मी.’ त्यातला ‘मोअर’ आधी खोडलेला होता, मग वर बारीक अक्षरात पुन्हा लिहिलेला होता. मी विचारलं, “अरे, दोन्ही कशाला?” तो म्हणाला, “बाई, दादा खूपच उंच आहे. एकाने भागेल असं वाटलं नाही.”

हे उत्तर मी अजून विसरले नाही. शेक्सपिअरलाही एकाने भागत नसे. ‘द टेम्पेस्ट’मधला प्रॉस्परो बिनदिक्कत ‘मोअर बेटर’ म्हणतो. ‘हॅम्लेट’मध्ये ‘वर्सर’ आहे. ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनी एकाच विशेषणाला पुढून ‘मोस्ट’ आणि मागून ‘ई-एस-टी’ लावतो, आणि सीझरवर झालेल्या घावाची खोली तेव्हाच कळते. १६११च्या किंग जेम्स बायबलातही असा दुहेरी प्रयोग सापडतो. चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये माझ्या विद्यार्थ्याच्या त्या वाक्याला कुणी लाल शाई लावली नसती.

मग लाल शाई आली कुठून? अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांकडून. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लोथ यांनी १७६२ साली इंग्रजी व्याकरणाचं एक छोटं पुस्तक काढलं आणि दुहेरी तुलना चूक ठरवली. गंमत म्हणजे एक सूट त्यांनी दिली. परमेश्वराला ‘मोस्ट हायेस्ट’ म्हटलेलं त्यांना चालत होतं. त्याच्या थोरवीला दोन प्रत्यय शोभतात, असं त्यांचं मत!

वाक्याच्या शेवटी ‘दॅन मी’ की ‘दॅन आय’, हा वादही त्याच काळातला. लोथसाहेबांचं म्हणणं, वाक्य मनात पुरं करून बघा. ‘दॅन आय ॲम’ होत असेल तर ‘आय’ लिहा. पण ‘दॅन हूम’ मात्र त्यांनी आहे तसं ठेवलं, तिथे त्यांचाच नियम मोडतो. आज बोलताना बहुतेक इंग्रज ‘दॅन मी’च म्हणतात. मुलांना मी सांगते, सरळ ‘दॅन आय ॲम’ लिहा. कुठल्याही तपासनीसाचं पेन तिथे अडत नाही.

वर्गातला श्रेयस

मराठी शाळेच्या हजेरीपटावर एखादा श्रेयस असतोच. त्या नावाचा अर्थ ‘बेटर’. ‘चांगला’ नव्हे, ‘सर्वांत चांगला’ही नव्हे, बरोबर मधली पायरी. संस्कृतात तुलना दाखवायला ‘ईयस्’ हा प्रत्यय आहे आणि श्रेयस्, गरीयस्, कनीयस् हे सगळे त्याच घरातले. जन्मभूमीला स्वर्गाहून थोर म्हणणाऱ्या प्रसिद्ध वचनातला ‘गरीयसी’ हा याच प्रत्ययाचा स्त्रीलिंगी अवतार.

आणि प्रेयसी? प्रिय, प्रेयस्, प्रेष्ठ. डिअर, डिअरर, डिअरेस्ट. प्रेयसी म्हणजे ‘अधिक प्रिय अशी ती’. कुणापेक्षा अधिक, हे शब्दात सांगितलेलं नाही.

आता खरी मौज. हा ‘ईयस्’ आणि इंग्रजीचा ‘ई-आर’ सख्खे भाऊ आहेत. संस्कृतात टिकलेला मूळचा ‘स’ इंग्रजीच्या पूर्वज भाषांत आधी ‘झ’ झाला आणि मग ‘र’. मधली पायरी आपल्याला दिसते सुद्धा: चौथ्या शतकात बायबलचं गॉथिक भाषेत भाषांतर झालं, त्या भाषेत ‘बेटर’ला ‘बातिझा’ म्हणत. हाच ‘स’चा ‘र’ इंग्रजीत अजून एका जागी रोज भेटतो. ‘वॉज’ एकवचनी, ‘वेअर’ अनेकवचनी. लॅटिननेही स्वतंत्रपणे तोच बदल केला, म्हणून तिथे ‘इओर’: सीनियर, ज्युनियर, सुपिरियर, इन्फिरियर.

खाणावळीच्या पाटीवर

‘घरगुती व स्वादिष्ट जेवण मिळेल.’ ही पाटी आपण किती वेळा वाचली असेल! त्यातला ‘स्वादिष्ट’ हा मूळ संस्कृतात ‘स्वादिष्ठ’. ‘स्वादु’ म्हणजे गोड, ‘स्वादिष्ठ’ म्हणजे सर्वांत गोड. इंग्रजीतला ‘स्वीट’ हा त्याच ‘स्वादु’चा नातलग आणि ‘एस्ट’ हा ‘इष्ठ’चा. म्हणजे ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ हे अर्थाने तर एक आहेतच, पण धातूला धातू आणि प्रत्ययाला प्रत्यय लावून बघितला तरी जुळतात. दोन्ही शब्द लागोपाठ मोठ्याने म्हणून बघा. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी घरात प्रत्येकाला म्हणायला लावलं होतं.

इष्ठ एकदा ओळखता आला की तो जागोजागी भेटायला लागतो. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ, गरिष्ठ, पापिष्ठ. वसिष्ठ ऋषींचं नावसुद्धा ‘वसु’ची परमावधी. आणि श्रेष्ठ माणूस म्हणजे व्यापारीसंघाचा प्रमुख, तो ‘श्रेष्ठी’, त्याचा झिजून झाला ‘शेठ’. “काय शेठ, आज इकडे कुठे?” असं आपण कट्ट्यावर कुणालाही म्हणतो, तेव्हा तोंडात एक जुनी सुपरलेटिव्ह डिग्री असते.

इथे जरा जपून मात्र. युधिष्ठिर यात नाही. तो युद्धात ‘स्थिर’ राहणारा. निष्ठा, प्रतिष्ठा यांत ‘स्था’ धातू आहे, पृष्ठ आणि ओष्ठ वेगळ्याच घरचे, आणि ‘विशिष्ट’चा तर काही संबंधच नाही.

सरकारी कचेरीत ‘कनिष्ठ लिपिक’ असतो. इंग्रजीत तो ज्युनियर क्लार्क. ज्युनियर म्हणजे ‘अधिक तरुण’, पण कनिष्ठ म्हणजे मुळात ‘सर्वांत धाकटा’. भाषांतरात बिचाऱ्याची एक पायरी खाली गेली. तरी आपण ‘सर्वांत कनिष्ठ’ म्हणतो, ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, कारण मराठीत इष्ठचा जोर विरून गेलाय. हेही काही आपण मराठीतच केलं असं नाही. यजुर्वेदात ‘श्रेष्ठतम’ आहेच, म्हणजे एकावर एक दोन प्रत्यय. माझ्या विद्यार्थ्याचा ‘मोअर टॉलर’ आठवतोय ना?

गुड, गुडर, गुडेस्ट का नाही?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि तो हुशार मुलांकडूनच येतो. खरं उत्तर असं की ‘गुड’ आणि ‘बेटर’ हे दोन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही ‘गोड’ची पुढची रूपं ‘बेतेरा’ आणि ‘बेत्स्त’ अशीच होती. ‘बेत्स्त’मधला एक ‘त’ गळला आणि ‘बेस्ट’ उरला. ‘वर्स’ तर ‘बॅड’चा कधीच नव्हता. तो ‘ईव्हिल’चा. ‘बॅड’ हा शब्द मागाहून आला आणि त्याने ‘ईव्हिल’ची गादी चालवायला घेतली. मधल्या काळात लोक ‘बॅडर’ असंही लिहीत.

ही उसनवारी फक्त इंग्रजांची नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात नेमकी हीच गोष्ट नियमात बसवली आहे. ‘प्रशस्य’ म्हणजे प्रशंसनीय, चांगला. त्याला तुलनेचा प्रत्यय लागला की मूळ शब्द बाजूला होतो आणि त्याच्या जागी ‘श्र’ येतो, म्हणून श्रेयस्, श्रेष्ठ. ‘वृद्ध’च्या जागी ‘ज्य’ येतो, म्हणून ज्येष्ठ. ‘युवन्’च्या जागी ‘कन्’, म्हणून कनिष्ठ. दोघांत तुलना असेल तर ‘तर’ किंवा ‘ईयस्’, अनेकांत असेल तर ‘तम’ किंवा ‘इष्ठ’, हेही त्यानेच सांगून ठेवलंय. इंग्रजीच्या पुस्तकातला ‘टू पर्सन्स असतील तर कम्पॅरेटिव्ह’ हा नियम आपल्याकडे अडीच हजार वर्षांच्या आसपासचा जुना आहे.

फारसीतूनही आपण दोन घेतले. ‘बदतर’ आणि ‘बेहत्तर’. “मेलो तरी बेहत्तर!” यातला बेहत्तर म्हणजे मूळचा ‘बेहतर’. तो ऐकून ‘बेटर’ आठवतो आणि ‘बद’ ऐकून ‘बॅड’, पण ही दोन्ही जुळणी निव्वळ योगायोगाची आहे. ‘तर’ हा प्रत्यय मात्र खरा नात्यातला.

तर, तम आणि गणिताचा तास

लसावि, मसावि. लघुतम साधारण विभाज्य, महत्तम साधारण विभाजक. पाचवी-सहावीतलं पोर गणिताच्या तासाला दोन सुपरलेटिव्ह डिग्र्या पाठ करतं आणि पुढच्याच तासाला इंग्रजीत ‘स्मॉलेस्ट’ला अडतं. मी हल्ली फळ्यावर दोन्ही शेजारीशेजारी लिहिते.

‘तर’ इंग्रजीतही आहे, फक्त वेश पालटून. संस्कृतात ‘कतर’ म्हणजे दोघांतला कोणता आणि ‘कतम’ म्हणजे अनेकांतला कोणता. ‘कतर’चा इंग्रजी भाऊ आहे ‘व्हेदर’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ अगदी हाच होता, दोघांतला कोणता. ‘आयदर’मध्येही तोच दडलाय.

आणि ‘अदर’? तो आपल्या ‘अंतर’चा भाऊ. देशांतर म्हणजे दुसरा देश, स्थलांतर म्हणजे दुसरं स्थळ, तसं भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसाच्या किती पिढ्या इंग्रजी शिकल्या! त्या पुस्तकाच्या नावातच एक इंग्रजी शब्दाचा सहोदर बसलेला होता.

‘उद्’ म्हणजे वर. त्याचा ‘उत्तर’ म्हणजे अधिक वरचा आणि ‘उत्तम’ म्हणजे सर्वांत वरचा. इंग्रजीत ‘आउट’, ‘आउटर’ किंवा ‘अटर’, आणि ‘अटमोस्ट’. मूळ तेच. बाय द वे, ‘अटमोस्ट’मधला ‘मोस्ट’ हा मुळात ‘मोस्ट’ नव्हे. ते दोन जुने प्रत्यय एकमेकांना चिकटून झालेलं ‘मेस्ट’ होतं, कानाला ‘मोस्ट’ वाटलं म्हणून लोकांनी तसं लिहायला घेतलं.

वेश पालटलेली मंडळी

‘नाय’ म्हणजे जवळ, ‘निअर’ म्हणजे अधिक जवळ, ‘नेक्स्ट’ म्हणजे सर्वांत जवळ. ही मूळची तिकडी. ‘नाय’ मागे पडला, ‘निअर’ पहिल्या बाकावर येऊन बसला आणि मग त्याला नवा ‘निअरर’ जोडावा लागला. ‘नेबर’मधला ‘ने’ हाच तो जुना ‘नाय’. शेजारी म्हणजे जवळ राहणारा.

‘लेट’ची सुपरलेटिव्ह ‘लास्ट’. आणि ‘लेटेस्ट’ही. जुळी भावंडं, एक शेवटचा, एक नवाकोरा! ‘फर्स्ट’ हा ‘फोर’ म्हणजे पुढे या शब्दाचा.

‘रादर’ माझा लाडका. ‘रेद’ असा एक शब्द होता, अर्थ ‘लवकर’. त्याचं तुलनेचं रूप ‘रादर’, म्हणजे ‘अधिक लवकर’. ‘आय वुड रादर स्टार्व्ह’ याचा मुळातला अर्थ ‘त्याआधी मी उपाशी राहीन’. आपण म्हणतो ना, “एक वेळ उपाशी राहीन, पण त्याच्या दारात जाणार नाही.” वेळेची भाषा आवडीनिवडीला वापरायची, हे दोन्हीकडे सारखं. ‘सूनर’चंही तेच झालं.

‘लोअर परळ’ला उतरणारे लाखो लोक रोज एक कम्पॅरेटिव्ह डिग्री उच्चारतात. पुण्यात तर नुसतं “अप्परला जाणार का?” विचारलं तरी रिक्षावाल्याला कळतं. रेल्वेची लोअर बर्थ, अप्पर बर्थ. यांच्यापुढे ‘दॅन’ कधीच येत नाही, कारण जोडीतला दुसरा न सांगता समजतो.

‘सीनियर टू’ मधलं टू

“सीनियर आला की दॅन नाही, टू.” हे पाठ करून घेतात, कारण कुणी सांगत नाही. कारण एवढंच: हे शब्द लॅटिनमध्येच तुलना करून आलेत. ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, ‘सेनिओर’ म्हणजे अधिक वयाचा. ‘युवेनिस’ तरुण, ‘युनिओर’ अधिक तरुण. त्यामुळे ‘मोअर सीनियर’ हाही खरं तर दुहेरी हिशेब, पण तो आता इतका रुळलाय की मी त्यावर पेन टेकवत नाही.

लॅटिनची पिशवी उघडली की काय काय निघतं! ‘प्लस’ म्हणजे अधिक, ‘मायनस’ म्हणजे कमी, दोन्ही तुलनेची रूपं. ‘मेयर’ म्हणजे अधिक मोठा, ‘मेजर’ही तोच. ‘मॅजिस’ म्हणजे जास्त, त्यावरून मॅजिस्टर, मास्टर आणि आपला मास्तर. ‘मायनस’वरून मिनिस्टर, मूळ अर्थ खालचा, सेवा करणारा. शब्दांच्या कुंडलीत तरी शाळेतला मास्तर मंत्र्याच्या वर आहे. आजीच्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह, त्याच्यावर स्वीडनच्या कंपनीचं नाव, प्रायमस. प्रायमस म्हणजे पहिला, ‘प्रायर’ची सुपरलेटिव्ह. तोच प्राइम मिनिस्टरमधला ‘प्राइम’.

मुंबईत फोर्टमध्ये एक्सेलसियर सिनेमा आहे. ते नाव म्हणजे लॅटिनमधलं ‘अधिक उंच’. न्यूयॉर्क राज्याचं ब्रीदही तेच.

ऑलिंपिकचं ब्रीद तर तुलनेच्या व्याकरणाचा उत्तम धडा. सिटियस, आल्टियस, फोर्टियस. १८९४ साली स्वीकारलं गेलं. अर्थ ‘अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक जोमाने’. पाहा, ‘सर्वांत’ कुठेच नाही. तीन सुपरलेटिव्ह घालता आल्या असत्या, पण तसं केलं असतं तर सुवर्णपदक मिळवलेल्या एकट्यालाच ते ब्रीद लागू झालं असतं. कालच्यापेक्षा अर्धा सेकंद कमी घेणाऱ्या, सातव्या आलेल्या मुलीलाही हे शब्द लागू होतात. २०२१ मध्ये त्याला ‘एकत्र’ या अर्थाचा चौथा शब्द जोडला गेला.

मोअर कुठे, ई-आर कुठे

एका अक्षरावयवाचे शब्द ‘ई-आर’ घेतात, लांबलचक शब्द ‘मोअर’. का? १०६६ नंतर नॉर्मन राजवटीबरोबर फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. ते लांब होते आणि त्यांना शेपूट लावलं की जीभ अडखळे. फ्रेंचमध्ये तर ‘प्लस’ पुढे ठेवून तुलना करायची पद्धतच होती. तेराव्या शतकापासून इंग्रजीत ‘मोअर’ वाढत गेलेला दिसतो.

दोन अवयवांच्या शब्दांत गंमत असते. शेवटी ‘वाय’ असेल तर हॅपियर, पण ‘फुल’ असेल तर मोअर केअरफुल. ‘क्लेव्हर’, ‘नॅरो’, ‘सिंपल’ ई-आर घेतात, ‘पोलाइट’, ‘कॉमन’ दोन्ही घेतात. आणि ‘अनहॅपियर’? तीन अवयव, तरी ई-आर! कारण ‘अन’ मोजणीत धरत नाहीत. उलट ‘टायर्ड’, ‘राँग’, ‘रिअल’ छोटे असून ‘मोअर’ मागतात.

‘बिगर’मध्ये दोन ‘जी’ का? स्वर ऱ्हस्व राहावा म्हणून. एकच ‘जी’ ठेवला तर वाचणारा स्वर लांबवेल. ‘हॉटर’, ‘थिनर’, ‘फॅटर’, सगळे या कारणाने. मराठी मुलाला ऱ्हस्व-दीर्घ कळतं, त्यामुळे हे त्याला एका मिनिटात पटतं. मात्र ते कुणीतरी सांगावं लागतं.

लुईस कॅरोलच्या ॲलिसने १८६५ साली ‘क्युरिअसर’ म्हटलं. लेखकाने लगेच सांगून टाकलं की आश्चर्याने तिला नीट इंग्रजी सुचेना. आज तो शब्द कोशात आहे. आणि ‘परफेक्ट’ची तुलना होत नाही म्हणणाऱ्यांना अमेरिकेच्या राज्यघटनेचं पहिलं वाक्य दाखवावं. १७८७ पासून तिथे ‘मोअर परफेक्ट’ आहे.

‘फ्यूअर’ मोजता येणाऱ्या वस्तूंना, ‘लेस’ न मोजता येणाऱ्यांना, हा भेद १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने आवड म्हणून सुचवला, पुढे तो नियम झाला. आपलं एक ‘कमी’ दोन्हीकडे चालतं.

कळसूबाईचा ‘अदर’

दहावीच्या पेपरातलं ‘चेंज द डिग्री’ आठवतं? ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.’ आता कम्पॅरेटिव्ह करा. ‘हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ लिहिलं की मार्क गेला. का? कारण १,६४६ मीटरची कळसूबाई स्वतःही महाराष्ट्रातच आहे. ‘एनी पीक’मध्ये तीही आली आणि ती स्वतःहून उंच झाली! म्हणून ‘एनी अदर पीक’. पण गोव्याशी तुलना असेल तर ‘एनी पीक इन गोवा’, तिथे ‘अदर’ टाकला की चूक. हे समजलं की मुलं आयुष्यात परत चुकत नाहीत, आणि शिवाय त्यांना तर्कशास्त्राचा पहिला धडा फुकट मिळतो.

‘नो सूनर’पुढे ‘दॅन’च का, ‘व्हेन’ का नाही? ‘सूनर’ कम्पॅरेटिव्ह आहे म्हणून. संपलं.

हे ज्या पुस्तकातून देशभर शिकवलं गेलं त्या रेन अँड मार्टिनमधले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्यांनीच १९२४ मध्ये ‘ब्यू जेस्ट’ ही परदेशी पलटणीच्या साहसांची कादंबरी लिहिली. व्याकरणाचं पुस्तक आणि वाळवंटातला किल्ला, एकाच लेखणीतून.

पेक्षा

मराठी मुलाला ही सगळी यंत्रणा अवघड जाते याचं कारण त्याच्या भाषेत विशेषणाला हातच लावावा लागत नाही. ‘दादा माझ्यापेक्षा उंच आहे.’ उंच तसाच राहिला, सगळं काम ‘पेक्षा’ने केलं. तो ज्याच्याशी तुलना करायची त्याला चिकटतो, ‘अपेक्षा’ या शब्दातून आलाय आणि त्याच्या मुळाशी ‘ईक्ष्’, पाहणे. माझ्याकडे पाहिलं असता दादा उंच. दुसरा आपला ‘हून’: ‘त्याहून’, ‘सर्वांहून’. आणि परमावधी करायची तर ‘मोठ्यातला मोठा’, ‘चांगल्यातलं चांगलं’. रंगांचं तर विचारूच नका. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, पिवळाधमक. प्रत्येक रंगाची पायरी वेगळ्या शब्दाने चढायची.

आपली पद्धत विचित्र आहे असं कुणाला वाटत असेल तर एक आकडा सांगते. भाषांच्या रचनांचा जो जागतिक नकाशासंग्रह आहे, त्यात लिऑन स्टासेन या अभ्यासकाने १६७ भाषांची तुलनेची वाक्यं वर्गवार लावली. इंग्रजीच्या ‘दॅन’सारखा स्वतंत्र शब्द वापरणाऱ्या भाषा त्यांत फक्त २२, आणि त्या बहुतेक युरोपातल्या. ‘त्याहून’, ‘त्याच्यापासून’ अशा धर्तीवर बोलणाऱ्या ७८. जगाच्या पाठीवर ‘दॅन’च अल्पसंख्य आहे.

आणि ‘दॅन’ म्हणजे मुळात ‘देन’च. दोन्ही एकच शब्द, सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्पेलिंगची सर्रास अदलाबदल होई. ‘आधी हा उंच, मग तो.’ आज मुलं ‘दॅन’च्या जागी ‘देन’ लिहितात तेव्हा मी दुरुस्त करते, पण ही गोष्ट सांगून.

‘द मोअर, द मेरियर’मधला ‘द’ हाही आर्टिकल नव्हे. जुन्या इंग्रजीतलं तृतीया विभक्तीसारखं एक रूप होतं, ‘थ्यू’सारखं काहीसं, अर्थ ‘तितक्याने’. म्हणजे तो सरळसरळ आपला जितका-तितका आहे. ‘जितके जास्त, तितकी मजा.’ मराठीतून बघितलं की हे वाक्य उलगडतं, इंग्रजीतून बघितलं तर दोन ‘द’ तिथे काय करतायत तेच कळत नाही.

हे वाक्य वाचा

‘मोअर पीपल हॅव बीन टू नागपूर दॅन आय हॅव.’ ऐकायला झकास. मान डोलते. आता अर्थ सांगा. सांगता येत नाही, कारण अर्थच नाही! लोकांची संख्या आणि ‘मी’ यांची तुलना होणार कशी? अशा वाक्यांना भाषाशास्त्रात तुलनेचा भास म्हणतात. १९८४ साली मारिओ माँताल्बेत्ती यांच्या प्रबंधात असं वाक्य नोंदलं गेलं आणि तेव्हापासून त्यावर प्रयोग चाललेत. मराठीत आणून बघा, ‘मी गेलोय त्यापेक्षा जास्त लोक नागपूरला गेलेत.’ फुगा लगेच फुटतो.

पण मराठीतही फसायला होतं. ‘मला तुझ्यापेक्षा आमरस जास्त आवडतो.’ तुला आवडतो त्याहून मला जास्त आवडतो, की तू आवडतोस त्याहून आमरस जास्त आवडतो? जेवणाच्या पानावर हे वाक्य नवऱ्याला म्हणण्याआधी विचार करावा.

एकदम बेष्ट

‘टू बेस्ट समवन’ म्हणजे एखाद्याला हरवणे. ‘टू वर्स्ट समवन’ म्हणजेही हरवणेच. उत्तम आणि अधम क्रियापद झाले की अर्थ एक!

मुंबईची लाल बस ‘बेस्ट’. १९०५ सालच्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज या कंपनीच्या आद्याक्षरांतून हे नाव आलं. आणि आपल्या बोलण्यात तो ‘बेष्ट’ होतो. “चहा बेष्ट झालाय.” शुद्धलेखनवाले नाक मुरडतात, मला मात्र तो ‘ष्ट’ फार गोड वाटतो. एस्ट प्रत्यय हजारो वर्षं आणि हजारो मैल फिरून आला आणि मराठी जिभेने त्याला श्रेष्ठ, ज्येष्ठांच्या पंगतीत नेऊन बसवलं.

बरा

मराठीत ‘बेटर’ला एक साधासुधा शब्द आहे, रोज शंभरदा तोंडात येणारा. ‘बरा’. संस्कृत ‘वर’ म्हणजे निवडलेला, पसंतीचा, त्यातून तो आला. “त्याच्यापेक्षा हा बरा.” “गेलेलं बरं.” “बरं झालं आलास.” इथे कुठेही प्रत्यय नाही, तरी तुलना आतच भरलेली आहे.

ताप येऊन गेल्यावर इंग्रज विचारतात, ‘फीलिंग बेटर?’ आणि माणूस आजारातून उठला की ‘ही गॉट बेटर’. आपण विचारतो, “आता बरं वाटतंय?” आणि माणूस उठला की तो ‘बरा झाला’. दोन्ही भाषांना इथे ‘चांगला’ हा शब्द सुचला नाही, दोघींनी तुलनाच निवडली. परवा तोच ‘मोअर टॉलर’वाला मुलगा दोन दिवसांच्या तापानंतर शिकवणीला आला. मी विचारलं, “बरा आहेस का?” त्याने क्षणभर विचार केला, मग म्हणाला, “बेटर, बाई. मोअर बेटर नाही, नुसता बेटर.”